दाराला कडी नको: केटरिंगच्या चॅपलचा इतिहास, कायद्याच्या अंगाने

इंग्लंडच्या मध्यभागी नॉर्दम्प्टनशायर परगण्यात केटरिंग नावाचं बाजारगाव आहे. १२२७ मध्ये राजा तिसरा हेन्री याने पीटरबरोच्या मठाधिपतीला इथे बाजार भरवण्याची सनद दिली आणि शुक्रवारचा बाजार भरू लागला. बाजाराच्या जागेलगत उंच टोकदार मनोऱ्याचं जुनं चर्च आहे. तिथून थोडं चाललं की गोल्ड स्ट्रीट हा पेठेचा रस्ता लागतो आणि त्या एकाच रस्त्यावर दोन चॅपल दिसतात. एक टोलर, दुसरं फुलर. धर्म एक, बायबल एक, मग एवढ्याशा गावात तीन तीन प्रार्थनास्थळं कशाला?

याचं उत्तर धर्मशास्त्रात शोधायला गेलं तर माणूस गोंधळतो. कायद्याच्या पुस्तकात ते लवकर सापडतं. इंग्लंडमधल्या अशा चॅपलच्या इतिहासातली कुठलीही मोठी तारीख घ्या, तिच्यामागे बहुतेक वेळा संसदेचा एखादा कायदा असतो. इथे तो इतिहास फुलर चॅपल समोर ठेवून सांगतो. कारण १८१० मध्ये बंगालात मोडी लिपीचे खिळे पाडून मराठी भाषेचा कोश छापला गेला, त्यामागच्या पैशाचा आणि माणसांचा एक धागा याच गावातून निघतो.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपल्याकडे चॅपल म्हटलं की शाळेतली किंवा इस्पितळातली छोटी प्रार्थनेची खोली डोळ्यापुढे येते. इंग्लंडच्या गावात या शब्दाला वेगळी धार होती. सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतीला ‘चर्च’ म्हणायचं आणि त्या चर्चची शिस्त न मानणाऱ्या प्रोटेस्टंट लोकांच्या इमारतीला ‘चॅपल’. ही माणसं म्हणजे नॉनकन्फॉर्मिस्ट किंवा डिसेंटर. अमुक घराणं चर्चचं की चॅपलचं, यावरून त्याचं मत कुणाला, मुलं कुठल्या शाळेत, व्यवहार कुणाशी याचा अंदाज बांधता येई. जुने लोक स्वतः मात्र चॅपल हा शब्दही टाळत आणि ‘मीटिंग हाउस’ म्हणत, म्हणजे जमायचं घर. त्यांच्या लेखी चर्च म्हणजे विटा-दगड नव्हे, करार करून एकत्र आलेली माणसं. मराठी ख्रिस्ती समाज यासाठी ‘मंडळी’ हा शब्द वापरतो. तो इंग्रजी शब्दापेक्षा नेमका आहे, म्हणून पुढे तोच वापरतो.

आता मूळ भांडण. चार्ल्स दुसरा गादीवर परतल्यावर १६६२ मध्ये संसदेने एकरूपतेचा कायदा केला. प्रत्येक धर्मगुरूने सरकारी प्रार्थनापुस्तकातल्या प्रत्येक गोष्टीला मनापासून संमती असल्याचं जाहीर करायचं, आणि बिशपच्या हातून दीक्षा झालेली नसेल तर ती घ्यायची. मुदत २४ ऑगस्ट १६६२, सेंट बार्थोलोम्यूचा दिवस. १६६० पासून या दिवसापर्यंत मिळून सुमारे २,००० धर्मगुरूंनी जागा गमावल्या. केटरिंगचे रेक्टर, म्हणजे तिथल्या सरकारी चर्चचे धर्मगुरू, जॉन मेडवेल त्यांतलेच एक.

माणूस काढला तरी त्याचे श्रोते तिथेच होते. ते कुणाच्या घरात, कुणाच्या गोठ्यात जमत. ते थांबवायला पुढचे कायदे आले, आणि त्यांचे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांव्यतिरिक्त १६ वर्षांवरच्या पाचांहून जास्त लोकांनी उपासनेला जमणं गुन्हा ठरला. पहिल्या वेळी ५ पौंड दंड किंवा तीन महिने कैद, दुसऱ्या वेळी १० पौंड किंवा सहा महिने, तिसऱ्या वेळी १०० पौंड किंवा सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. १६६५ मध्ये काढलेल्या धर्मगुरूंना त्यांच्या जुन्या पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) आणि सनदी नगरांच्या पाच मैलांच्या आत फिरकायला बंदी झाली, मोडल्यास ४० पौंड. १६७० मध्ये दंडाची रचनाच बदलली. साध्या श्रोत्याला ५ शिलिंग, पुन्हा सापडला तर १०. उपदेशकाला २० पौंड, मग ४०. घर देणाऱ्याला २० पौंड. आणि वसुलीचा तिसरा हिस्सा खबऱ्याला.

हा शेवटचा कायदा सर्वांत धूर्त होता. आधीच्या जबर शिक्षा द्यायला गावातले न्यायाधीशच कचरत, कारण आरोपी त्यांचे शेजारी. दंड परवडण्याजोगा करून वर खबऱ्याला वाटा दिल्यावर पकडापकडीचा धंदाच झाला. उपाय म्हणून मंडळ्या दार आतून लावून घेत, बाहेर पोरगा उभा करत, उपदेशकाला पडद्याआड बसवत. दाराची ही कडी पुढे पुन्हा येणार आहे.

बाजारगावातच ही मंडळी का टिकली, याला साधं कारण आहे. लहान खेड्यात जमीन एकाच जमीनदाराची असे. त्याने ठरवलं तर चॅपलला हातभर जागा मिळत नसे, आणि कूळ चॅपलला गेलं तर घर सुटण्याची भीती. केटरिंगमध्ये विणकर, लोकर विंचरणारे, दुकानदार, पुढे जोडे शिवणारे, असे आपल्या हाताच्या कमाईवर जगणारे लोक होते. दुसरं म्हणजे केटरिंगला नगरपालिकेची सनदच नव्हती. ती १९३८ मध्ये मिळाली. सनदी नगरांत पद घ्यायचं तर १६६१ च्या कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडमध्ये प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेतल्याचा दाखला लागे. जिथे नगरसभाच नाही, तिथे त्या अटीचा काच कमी. तिसरं, शुक्रवारच्या बाजाराला आसपासच्या खेड्यांतले लोक येतच. रविवारी तीच वाट चॅपलला पुरे. चॅपलची जुनी सभासदयादी मिळाली तर माणसांच्या गावांवर नकाशात टिंबं काढून पाहा. बाजाराचा घेरच उमटण्याची शक्यता मोठी.

१६८८ ची राज्यक्रांती झाली आणि १६८९ मध्ये सहिष्णुतेचा कायदा आला. नाव भारदस्त असलं तरी ही पूर्ण मोकळीक नव्हती, अटींवर दिलेली माफी होती. जागेची नोंद बिशपकडे, त्याच्या हाताखालच्या आर्चडीकनकडे किंवा परगण्याच्या तिमाही न्यायसभेत करायची. दाखल्याची फी सहा पेन्सांपेक्षा जास्त घ्यायची नाही. उपदेशकाने राजनिष्ठेची शपथ घ्यायची आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांपैकी बहुतेकांवर सही करायची. चर्चच्या कारभाराविषयीची ३४, ३५, ३६ ही कलमं आणि २० व्याचा काही भाग यांतून सूट होती. बाप्तिस्त उपदेशकाला २७ व्यातल्या शिशु-बाप्तिस्म्याच्या भागातूनही सूट. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे नाकारणाऱ्यांना यातलं काहीच नाही. त्यांना १८१३ पर्यंत थांबावं लागलं.

आणि एक अट दाराची. उपासना चालू असताना दाराला कुलूप, अडसर किंवा कडी लावलेली असेल तर त्या सभेला कायद्याचं संरक्षण नाही. पंचवीस-तीस वर्षं जी माणसं कडी लावूनच प्रार्थना करत आली, त्यांना आता कडी काढूनच प्रार्थना करायची होती. राज्याला आत काय बोललं जातं हे ऐकता आलं पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजी राज्यकर्त्यांच्या मनातला संशय किती खोल होता, ते कळायला मला या एका ओळीइतकी दुसरी चांगली ओळ माहीत नाही.

केटरिंगमध्ये मेडवेल यांच्या श्रोत्यांमधून वाढलेली मंडळी ‘ग्रेट मीटिंग’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ती इंडिपेंडंट, म्हणजे पुढच्या काळातली काँग्रिगेशनल. प्रत्येक मंडळी आपला कारभार आपण पाहणार, वर बिशप नाही. १७२३ मध्ये तिने गोल्ड स्ट्रीटवर आपलं घर बांधलं. १७७५ ते १८७५ अशी शंभर वर्षं तिथे टोलर घराण्यातले बाप आणि मुलगा लागोपाठ पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, होते, म्हणून ते टोलर चॅपल झालं. त्याआधीच, १६९६ मध्ये, विल्यम वॉलिस यांच्या पुढाकाराने काही लोक बाहेर पडले होते. त्यांची ती ‘लिटल मीटिंग’, आणि तीच आजची फुलर बाप्तिस्त मंडळी.

फूट कशावरून पडली, हे समजायला बाप्तिस्त आणि इंडिपेंडंट यांतला फरक पुरतो. कारभाराची पद्धत दोघांची सारखीच. इंडिपेंडंट लोक तान्ह्या बाळाला पाणी शिंपडून बाप्तिस्मा देत. बाप्तिस्तांचं म्हणणं असं की बाप्तिस्मा हा विश्वासाचा कबुलीजबाब आहे आणि तान्हं पोर कबुली देऊ शकत नाही. म्हणून जाणत्या वयात, स्वतः मागितल्यावर, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. चॅपलमध्ये हौद नव्हता तेव्हा नदीवर जात. विल्यम कॅरी नावाच्या बावीस वर्षांच्या जोडे शिवणाऱ्या तरुणाचा बाप्तिस्मा ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्दम्प्टनला नीन नदीत झाला. ऑक्टोबरातलं तिथलं पाणी कसं असतं, त्याची कल्पना केलेली बरी.

इमारत कशी वाचायची, तेही सांगून टाकू, कारण गल्लत इथेच होते. १७०० च्या आसपासचं मीटिंग हाउस लांबट घरासारखं, पण त्याचं तोंड लांब बाजूला. दोन टोकांना दोन दारं, समोरच्या लांब भिंतीच्या मध्यावर उंच व्यासपीठ, त्याच्या दोन्ही अंगांना दोन उंच खिडक्या. उरलेल्या तीन बाजूंना लाकडी सज्जे. व्यासपीठाखाली कठडा घातलेली जागा, तिच्यात प्रभुभोजनाचं मेज. वेदी नाही, क्रूस नाही, रंगीत काचा नाहीत. सगळी मांडणी एकाच हिशेबाने: शेवटच्या बाकावरच्या माणसालाही शब्द स्वच्छ ऐकू यावा. बाप्तिस्त चॅपलमध्ये मेजाखालच्या फळ्या उचलल्या की खाली पायऱ्यांचा हौद, त्यात कंबरभर पाणी.

या घरांचं दुखणं बहुधा छपरात असतं. रुंद खोलीवर एकच मोठं छप्पर टाकायला लांब तुळ्या लागत आणि त्या महाग. म्हणून पुष्कळ ठिकाणी दोन छपरं शेजारी शेजारी टाकून मधल्या भागाला आतून खांबांचा आधार दिला जाई. दोन उतारांच्या मध्ये पन्हळ येते. तिच्यात पानं आणि बर्फ साचतो, शिशाचा पत्रा फाटतो, पाणी थेट खांबाच्या माथ्यावरच्या तुळईत मुरतं. खालून काही दिसत नाही. दिसतं तेव्हा लाकूड भुसभुशीत झालेलं असतं. दुसरं दुखणं सज्ज्याचं. मंडळी वाढली की आधी सज्जे वाढवायचे, मग भिंत मागे सरकवायची, मग शेवटी सगळं पाडून नवं बांधायचं, हा ठरलेला क्रम. त्यामुळे दर्शनी भागावर कोरलेलं साल पाहून इमारतीचं वय ठरवू नये. ते साल मंडळी स्थापनेचं असू शकतं. फुलर मंडळी १६९६ ची, पण आजची इमारत १८६० च्या दशकाच्या आरंभीची. त्या काळातली चॅपलं रस्त्याकडे तोंड करून, भारदस्त दर्शनी भागाची, आत ऑर्गन आणि मागे रविवारच्या शाळेची खोली अशी असतात. परवानगीवर जगणाऱ्यांचं साधं घर आणि मतदारयादीत नाव आलेल्यांची पेठेतली इमारत, यांत हा फरक पडणारच.

हे सगळं चाले कोणाच्या पैशावर? सरकारी चर्चला जमिनीचं उत्पन्न आणि दशमांश होता. चॅपलला काहीच नाही. मुख्य उत्पन्न बाकांच्या भाड्याचं. प्रत्येक घराण्याचा बाक ठरलेला, तिमाही भाडं जागेप्रमाणे कमी-जास्त, मागचे किंवा सज्ज्यातले काही बाक गरिबांसाठी मोकळे. जोडीला वर्गणी आणि प्रभुभोजनाच्या वेळची गरिबांसाठीची झोळी. बाजार मंदावला की बाकांचं भाडं थकतं, आणि पाळकाचा पगार त्याच भाड्यातून. म्हणून अनेक पाळक शाळा चालवत किंवा एखादा धंदा करत. पाळक वरून नेमला जात नसे, मंडळी त्याला बोलावणं पाठवी आणि आधी पारखून घेई. ज्यांचं नाव या चॅपलला आहे ते अँड्र्यू फुलर ऑक्टोबर १७८२ मध्ये सोहम गाव सोडून केटरिंगला आले आणि त्यांची रीतसर नेमणूक झाली ती ७ ऑक्टोबर १७८३ ला. पुरतं एक वर्ष.

सभासद होणंही सोपं नव्हतं. उभं राहून आपला अनुभव सांगायचा, मग मत घेतलं जाई. नोंदवहीत कोण आला, कोणाला काढलं आणि का, हे लिहिलेलं असतं. दारू, दिवाळं, भांडण, उपासनेला दांडी ही नेहमीची कारणं. आज वाचताना ते चोंबडेपणाचं वाटतं. पण ज्या काळात बहुतेकांना देशाच्या कारभारात मत नव्हतं, त्या काळात चांभार आणि विणकर ठराव मांडत होते, हात वर करून मत देत होते, हिशेब तपासत होते.

जमिनीची बाजू सर्वांत किचकट. मंडळीला कायद्याच्या दृष्टीने अस्तित्व नाही, म्हणून मालमत्ता विश्वस्तांच्या नावे. १७३६ च्या कायद्याने धर्मादाय कामाला जमीन द्यायची तर देणाऱ्याच्या मृत्यूच्या किमान १२ महिने आधी दस्त झालेला असला पाहिजे आणि सहा महिन्यांत तो लंडनच्या चान्सरी न्यायालयात नोंदला पाहिजे. मृत्युपत्राने जमीन देता येत नसे. आता पंचवीस विश्वस्त नेमले आणि एकेक करून वारले, तर शेवटच्या जिवंत विश्वस्ताच्या नावे सगळं उरतं आणि तो गेला की त्याच्या वारसाकडे जातं. तो वारस ऑस्ट्रेलियात असेल किंवा चर्चकडे वळलेला असेल. म्हणून निम्मे विश्वस्त उरले की नवा दस्त करायचा, दर वेळी वकिलाचा खर्च. विसरलं की चॅपल अडकलं. १८५० मध्ये सर सॅम्युअल मॉर्टन पीटो या बाप्तिस्त रेल्वे-ठेकेदार खासदाराने आणलेल्या कायद्याने ही कटकट संपली: मंडळीने सभेत नवे विश्वस्त निवडून लेखी नोंद केली की मालमत्ता आपोआप त्यांच्याकडे. त्याआधी, १८४४ मध्ये, मूळ दस्तात शिकवण स्पष्ट लिहिलेली नसेल तर २५ वर्षांची वहिवाट पुरेल असंही ठरलं होतं. तोवर ‘संस्थापकांचा विश्वास काय होता’ यावर चॅपलच्या मालकीचे खटले चालत.

आता फुलर. या मंडळीवर आधी जी शिकवण होती, तिचे दोन मोठे अध्वर्यू केटरिंगचेच: १६९७ मध्ये जन्मलेले जॉन गिल आणि त्यांच्यानंतरचे जॉन ब्राइन. त्या कडक विचाराचं सार असं: कोणाचं तारण व्हायचं हे देवाने आधीच ठरवलंय. मग न निवडलेल्या माणसाला ‘विश्वास ठेव’ असं सांगणं हे त्याला अशक्य गोष्टीची आज्ञा करणं. परिणामी उपदेशक फक्त आतल्यांशी बोलत आणि मंडळ्या आटत चालल्या. फुलर यांनी १७८५ मध्ये पुस्तक छापून याला उत्तर दिलं. देव निवडतो हे त्यांनाही मान्य होतं. फरक त्यांनी ‘करता येत नाही’ आणि ‘करत नाही’ यांत केला. पांगळ्याला चाल म्हणणं क्रूरपणा आहे, पण पाय धडधाकट असून जागचा न हलणाऱ्याला चाल म्हणणं रास्तच. माणसाची अडचण दुसऱ्या प्रकारची, म्हणजे इच्छेची. म्हणून सर्वांना सांगणं हे उपदेशकाचं कर्तव्य. आणि सर्वांना म्हटलं की मग केटरिंगच्या वेशीवर थांबायचं कारण उरत नाही.

२ ऑक्टोबर १७९२. आसपासच्या बाप्तिस्त पाळकांची बैठक केटरिंगला होती. संध्याकाळी चौदा जण विधवा मार्था वॉलिस यांच्या घरी, मागच्या दिवाणखान्यात बसले. त्यांचे पती बीबी वॉलिस हे मंडळीचे डीकन (कारभारी), संस्थापक विल्यम वॉलिस यांच्या वंशातले, त्याच वर्षी वारले होते. खोली अशी की चौदा माणसं दाटीवाटीनेच मावावीत. तिथे बाप्तिस्त मिशनरी सोसायटी स्थापन झाली. वर्गणीसाठी फुलर यांची तपकिरीची डबी फिरवली गेली आणि तिच्यात आश्वासनांच्या चिठ्ठ्या पडल्या. एकूण १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे हे दोनशे साडेबासष्ट शिलिंग. केटरिंगच्या थॉमस गॉच या जोड्यांच्या कारखानदाराने कॅरीला ‘माझं कातडं आता खराब करू नकोस, तुझ्या भाषा शीक’ म्हणून आठवड्याला दहा शिलिंग देऊ केल्याची गोष्ट सांगतात. त्या मापाने डबीतली रक्कम एका माणसाला सहा महिने पुरेल इतकीच.

हे घर लोअर स्ट्रीटवर अजून उभं आहे. पुष्कळ ठिकाणी ‘सोसायटी चॅपलमध्ये स्थापन झाली’ असं वाचायला मिळतं, ते चूक. ‘कॅरी केटरिंगचे पाळक होते’ हेही चूक. ते आधी मोल्टनला आणि मग लेस्टरच्या हार्वी लेन चॅपलला होते. केटरिंगकडे होतं ते सोसायटीचं चिटणीसपद. फुलर यांनी ते १७९२ पासून ७ मे १८१५ ला मृत्यू येईपर्यंत सांभाळलं. कॅरी भारतात जाऊन जणू खाणीत उतरणार आणि वरच्यांनी दोर धरून ठेवायचा, असं त्यांनी या कामाचं वर्णन केलं. आपल्याकडे विहीर खणताना आत कोण उतरलं हे सगळ्यांना ठाऊक असतं, रहाटावर कोण होतं ते कोणी विचारत नाही. फुलर हे रहाटावरचे. घोड्यावरून, टपालगाडीतून गावोगाव हिंडून पैसे जमवणं, पत्रं लिहिणं, लंडनमध्ये कंपनीच्या संचालकांशी झगडणं, आणि वर स्वतःची मंडळी.

ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते. कॅरी १३ जून १७९३ ला निघाले ते डॅनिश जहाजातून आणि ११ नोव्हेंबरला कलकत्त्याला पोहोचले. १८०० पासून मुक्काम हुगळीकाठच्या श्रीरामपूरला, कारण तेही डॅनिश ठाणं, कंपनीच्या हुकमाबाहेरचं. पुढे कंपनीच्या साहेबांना देशी भाषा शिकवणाऱ्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवू लागले. श्रीरामपूरच्या छापखान्यात १८०५ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण आणि मत्तयाचं शुभवर्तमान, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश, १८११ मध्ये नवा करार छापला गेला. कोशातले मराठी शब्द मोडी खिळ्यांत आहेत, कारण कंपनीच्या साहेबांना मराठी दप्तर वाचायचं होतं आणि दप्तर मोडीत होतं. या कामात त्यांचे मुख्य आधार होते पंडित वैजनाथ. पुण्यापासून दीड हजार किलोमीटरवर, जोडे शिवणाऱ्याचा हात आणि पंडिताचा कान यांतून ही मराठी छापली गेली. ती वाचताना कुठे कुठे ओबडधोबड लागते ती त्यामुळेच.

११ मार्च १८१२ ला छापखान्याला आग लागली. कागद, खिळे आणि हस्तलिखितं जळाली. बातमी इंग्लंडला पोहोचल्यावर काही आठवड्यांत सुमारे १०,००० पौंड उभे राहिले. डबीतल्या तेरा पौंडांपासून इथवर वीस वर्षं लागली होती. पुढच्याच वर्षी कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण झालं आणि मिशनऱ्यांना परवाना मिळण्याची सोय झाली. त्यासाठी फुलर यांनी अर्जांची मोहीम चालवली होती. १८१३ च्या फेब्रुवारीतच अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले होते. त्यांचं ते अमेरिकन मराठी मिशन, पुढे अहमदनगरला रुजलेलं आणि ना. वा. टिळकांमुळे मराठी वाचकाला ओळखीचं. ते मूळचे काँग्रिगेशनल, म्हणजे कूळ गोल्ड स्ट्रीटवरच्या दुसऱ्या चॅपलचं.

केटरिंगचं दुसरं नाव विल्यम निब. जन्म १८०३, इथलाच. बाप्तिस्त मिशनरी म्हणून जमैकाला गेला आणि गुलामगिरीविरुद्ध इंग्लंडभर बोलत फिरला. जमैकात केटरिंग नावाचं गाव आहे ते त्याच्यामुळे.

घरच्या मैदानात हक्क मात्र तुकड्या-तुकड्यांनी आले. पदांसाठीची प्रभुभोजनाची अट १८२८ मध्ये गेली. लग्नाचं तर विचित्रच होतं: १७५४ पासून क्वेकर आणि यहुदी सोडून सगळ्यांना लग्न पॅरिश चर्चमध्येच लावावं लागे. दर रविवारी चॅपलला जाणारा माणूस वधूला घेऊन ज्या चर्चशी भांडण त्याच चर्चच्या दारात. १८३७ पासून वीस घरमालकांच्या सहीचा दाखला देऊन चॅपल लग्नासाठी नोंदता येऊ लागलं, तरी १८९८ च्या कायद्यापर्यंत सरकारी निबंधक समोर हजर असणं भाग होतं. पॅरिश चर्चच्या दुरुस्तीचा सक्तीचा कर १८६८ मध्ये बंद झाला. गावच्या दफनभूमीत आपल्या पाळकाकडून अंत्यविधी करून घ्यायला १८८० उजाडलं.

एखाद्या चॅपलचा इतिहास शोधायचा असेल तर कागद कुठे असतात? मंडळीची नोंदवही चॅपलमध्ये किंवा परगण्याच्या अभिलेखागारात. १६८९ नंतरची जागेची नोंद तिमाही न्यायसभेच्या किंवा बिशपच्या दप्तरात. जमिनीचा दस्त हरवला असेल तरी घाबरू नये. १७३६ नंतर चान्सरीत नोंदलेला असल्यास त्याची नक्कल लंडनच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये, सी ५४ या मालिकेत मिळते. १८३७ पूर्वीची जन्म आणि दफनाची रजिस्टरं तिथेच, आरजी ४ मध्ये. ३० मार्च १८५१ च्या रविवारी सरकारने सगळ्या प्रार्थनास्थळांतली डोकी मोजली, ते तक्तेही तिथेच आहेत. त्या मोजणीत जवळजवळ निम्मी उपस्थिती चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरची निघाली आणि राज्यकर्त्यांना धक्का बसला.

रजिस्टर वाचताना एक खाचखळगा. टोलरसारख्या चॅपलमध्ये बाळांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडेल. फुलरसारख्या बाप्तिस्त चॅपलमध्ये ती कधीच सापडणार नाही. तिथे जन्माची नोंद असते आणि बाप्तिस्मा वीस-पंचवीस वर्षांनी, सभासदांच्या वहीत, वेगळ्या पानावर. मुलीचं तोवर लग्न झालेलं असलं तर आडनावही वेगळं.